बिनकारणाची रजा

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला रात्रीची जेवणं उरकली की मी डायनिंग टेबल पुसून घेते आणि ड्यूटी लिस्टचा कोरा तक्ता पसरते. सोबत टोकदार पेन्सिल, खोडरबर आणि मोबाईल. तक्त्यात डाव्या बाजूला नावं, वर तारखा आणि मधल्या चौकोनांत भरायची चारच अक्षरं: एम, ई, एन आणि ओ. सकाळ, दुपार, रात्र आणि ऑफ. पेनानं लिस्ट लिहिणारी इन्चार्ज सिस्टर मी अजून पाहिलेली नाही. असलीच तर ती नवीन असणार.

मोबाईलवर तोवर रिक्वेस्ट येऊन पडलेल्या असतात. 'मॅडम गौरी जेवणाला ऑफ पाहिजेच.' 'मॅडम मला गौरीला नको, पण पाचव्या दिवशी द्या, आमच्या घरचा गणपती जातो.' 'मॅडम अनंत चतुर्दशीला नाईट लावू नका, मागच्या वर्षी मीच केली होती.' यातली शेवटची तक्रार अगदी रास्त आहे. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते. रस्त्यावर कमानी, गर्दी, बंद केलेले चौक; त्या रात्री कॅज्युअल्टीत गर्दी वाढते आणि नेमकं ड्यूटीवर येणाऱ्याला हॉस्पिटल गाठता येत नाही. सांगलीहून येणाऱ्या आम्ही दोघी-तिघी त्या दिवशी दुपारीच डबा घेऊन येऊन बसतो.

मी राहते विश्रामबागला, नोकरी मिरजेत, वर्षं सत्तावीस. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मिरजेत खडा मारला तर तो कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलच्या काचेवरच पडेल, तेव्हा ओळखूही येणार नाही. १८९४ मध्ये वान्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी इथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून या गावाला पेशंटची सवय आहे. सकाळच्या गाडीनं कर्नाटकातली माणसं उतरतात. हातात जेवणाचा डबा आणि एक्स-रेची मोठी पिशवी, आणि रिक्षावाल्याला न सांगताच कळतं कुठं सोडायचं ते.

तर ड्यूटी लिस्ट. माझ्या वॉर्डात ३६ खाटा आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना हिशेब असा आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी, आणि रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी वर तीस टक्के माणसं जास्तीची. म्हणजे बारा, अधिक साधारण चार. सोळा. माझ्या तक्त्यात नावं आहेत नऊ. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीला अधूनमधून आयसीयूत उसनी द्यावी लागते. उरलेल्यांना तीन पाळ्यांत वाटा, प्रत्येकीला आठवड्याचा ऑफ द्या, नाईटनंतरचा ऑफ द्या, आणि वर सणही सांभाळा. पाचवीच्या गणितात हौदाला दोन नळ असतात, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा. आमच्या हौदाला भरणारा नळच बसवलेला नाही.

ताण हा शब्द आम्ही ड्यूटीवर फारसा वापरत नाही. 'आज वॉर्ड हेवी होता,' 'लई पळापळ झाली,' 'डोकं पार आउट झालंय' असं म्हणतो आणि पर्स उचलून निघतो. तो शब्द आमच्याकडं बाहेरून, फ्लेक्सवर छापून येतो. मागच्या वर्षी आला होता. 'ताणमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान, वेळ दुपारी तीन, उपस्थिती सक्तीची, सही घेतली जाईल. म्हणजे रात्र करून सकाळी साडेआठला सुटलेल्या पोरींनी झोप मोडून दुपारी परत यायचं आणि झोपेचं महत्त्व ऐकायचं.

व्याख्याते चांगले गृहस्थ होते. मिरजेत बोलायला आलेत म्हटल्यावर त्यांनी सतार काढलीच. सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन आले होते. तार फार ताणली तर तुटते, फार सैल सोडली तर वाजत नाही, तसं आयुष्याचं आहे, वगैरे. मागच्या रांगेत आमच्या मेल मेडिकलच्या सिस्टर बसल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला, 'अगं, सतारीची तार तुटली तर निदान दुसरी बसवतात. आमच्याकडची जागा तीन वर्षं झाली रिकामीच हाय.' हशा पिकला. पुढच्या रांगेतले प्रशासनाचे लोकही हसले, आणि कार्यक्रमानंतर सगळ्यांना बिस्किटं आणि एकेक रोप मिळालं. माझी तुळस गेली. मी ड्यूटीवर असताना पाणी घालायचं राहिलं.

मी श्वासाच्या व्यायामाविरुद्ध नाही. रोज सकाळी आमराईत फिरायला जाणारी बाई आहे मी, गेली नाही तर दिवसभर चिडचिड होते. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या यादीत 'बर्नआउट'ची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलंच नाही. कामाच्या जागी सतत असलेला आणि नीट न हाताळलेला ताण, त्यातून येणारी अवस्था, असं म्हटलं. खुणा तीन सांगितल्या: अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली खूण कुणालाही दिसते. दुसरी मी माझ्या पोरींमध्ये कानानं ओळखते. एरवी 'पाटील आजोबांना ताप आलाय' म्हणणारी मुलगी एक दिवस 'बारा नंबर सारखा बेल मारतोय' म्हणायला लागते. असं आठवडाभर ऐकलं की मी तिची पुढची नाईट खोडते. शक्य असेल तर. नेहमी नसतं.

तिसऱ्या खुणेबद्दल मला ऐकीव नाही, अंगावरचं सांगायचं आहे.

२००८ साल. मी तेव्हा साधी स्टाफ नर्स, मुलगा दोन वर्षांचा. सलग सातवी नाईट होती. तेव्हा सात नाईट सलग लावायची पद्धतच होती, सात संपल्या की एक नाईट-ऑफ. वॉर्डात दोघी होतो, पण बारा वाजता जोडीदारणीला आयसीयूत बोलावून घेतलं. मग मी, एक मावशी, आणि चौतीस पेशंट. दोन ॲडमिशन आल्या, एका पेशंटनं सलाईन उपसून टाकलं, एकाची व्हेन मिळेना. हे सगळं नेहमीचं.

सकाळचे साडेसहा झाले. नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायची वेळ. कोपऱ्यातल्या खाटेवर तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आजोबा होते, पायाच्या जखमेसाठी आलेले, साखर वाढलेली. दहा युनिट द्यायचे होते. आता जरा बारकाव्यात जाते, कारण सगळं त्यातच आहे. इन्सुलिनची बाटली आपल्याकडं दोन ताकदींत मिळते. एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेली, आणि १०० असलेली. सिरिंजही दोन. ४० वालीचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. आमच्या वॉर्डात तेव्हा सगळा साठा ४० चा, ट्रेमध्ये सगळी लाल टोपणं. आजोबांच्या मुलानं आदल्या संध्याकाळी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली १०० ची होती. तेवढाच आकार, तसंच लेबल, अक्षरं बारीक. मी लाल टोपणाची सिरिंज घेतली, दहाच्या रेघेपर्यंत भरली, हवा काढली, दिली. दहाच्या जागी पंचवीस युनिट गेले. अडीच पट.

सव्वासातला मी ओव्हर द्यायला उभी होते. ओव्हर म्हणजे पाळी बदलताना एकेका खाटेशी जाऊन पुढच्या नर्सला पेशंट सोपवायचा. कोपऱ्यातल्या खाटेशी आलो तर आजोबा घामानं चिंब, हाक मारली तर नजर भलतीकडंच. ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा ३८, फारच खाली. पुढची पाच मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. २५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या पाण्याची बाटली, माझे थरथरणारे हात, सकाळच्या सिस्टरनं 'सरक तू' म्हणून बाजूला केलेलं, स्टिकिंगचा तुकडा तिच्या अंगठ्याला चिकटलेला. आजोबांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाले, 'पोरी, चहा तरी आण की.' त्यांना काहीच झालं नव्हतं. म्हणजे होता होता राहिलं होतं.

मला मेमो आला. खुलासा लिहून द्या. मी लिहिला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात करा, असं ऑफिसमधल्या क्लार्कनंच सांगितलं, तसा नमुनाच असतो म्हणाला. सातवी नाईट, एकटी नर्स, दोन ताकदींच्या बाटल्या एका ट्रेमध्ये, यातलं काही त्या नमुन्यात बसत नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने मी प्रत्येक सिरिंज तीनदा बघत होते. घरी गॅस बंद केलाय का हे पाचदा. मुलाला तापाचं औषध पाजायला नवऱ्याला सांगायचे, मी नर्स असून. रात्री डोळे मिटले की लाल टोपण दिसायचं. कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीसारख्या एका ट्यूटर मॅडमनी सांगितलं की याला नाव आहे. अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी २०००मध्ये लिहिलं होतं की वैद्यकीय चुकीचा पहिला बळी अर्थात पेशंट, पण चूक ज्याच्या हातून घडते तो दुसरा बळी ठरतो, आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. मला 'बळी' हा शब्द स्वतःसाठी आवडला नाही, अजूनही आवडत नाही. बळी आजोबा ठरले असते. पण आपल्या त्या लाल टोपणाला कुणीतरी कुठंतरी नाव देऊन ठेवलंय, एवढं कळून बरं वाटलं हे खरं.

तेव्हाच्या आमच्या इन्चार्ज सिस्टर फार बोलणाऱ्या नव्हत्या. मेमोनंतर चार दिवसांनी मी त्यांच्याकडं गेले आणि दोन दिवस रजा मागितली. कारण? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. खोटं होतं. मला फक्त झोपायचं होतं आणि रडायचं होतं, आणि या दोन्हीला रजेच्या अर्जात रकाना नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, 'तुझ्या सासूबाईंचं हे तिसरं ऑपरेशन. डोळे दोनच असतात गं.' मग पेन्सिल उचलली, माझ्या नावापुढचे दोन चौकोन खोडले, ओ लिहिलं. 'पुढच्या वेळी कारण सांगू नकोस. नुसतं पाहिजे म्हण.'

आणि त्यांनी आणखी एक केलं, जे मला आज जास्त मोलाचं वाटतं. स्टोअरमधून दोन प्लॅस्टिकचे डबे आणले, एकावर लाल आणि एकावर केशरी कागद चिकटवला, दोन्ही फ्रीजच्या दोन वेगळ्या कप्प्यांत. बाहेरून येणारी प्रत्येक बाटली टेबलावर दोघींनी वाचायची, मगच आत. पेशंट कितीही घाईत असो. पंधरा रुपयांचे डबे असतील. त्यानंतर त्या वॉर्डात तशी चूक झाल्याचं मला तरी माहीत नाही. माझं मन ताळ्यावर यायला तो डबा किती कारणी आला हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. रोज सकाळी फ्रीज उघडताना डोळ्यांना दिसायचं की ही गोष्ट आता एकट्या माझ्या लक्षावर टांगलेली नाही.

इन्चार्ज झाल्यावर मी त्यांचीच रीत पुढं ओढली. प्रत्येकीला महिन्यातून एक दिवस बिनकारणाचा. आधी सांगायचं, पण का ते सांगायचं नाही. माझ्या तक्त्यात त्या चौकोनात मी बारीक 'बि' लिहिते. वर ऑफिसला जाणाऱ्या अर्जावर 'घरगुती कारण' असतंच. आता हे वाचून कुणी विचारेल की माणसं नाहीत म्हणतेस आणि वर रजा वाटतेस? तर अनुभव असा, की पहिले सहा महिने सगळ्या जणी घाबरतच मागायच्या, नंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. ऐनवेळी सकाळी सहाला 'मॅडम जुलाब लागलेत' असे येणारे फोन कमी झाले. एरवी असे फोन आले की एका माणसाच्या खाड्यात तीन माणसांची पाळी उलटीपालटी होते. तारखेसह कळलेली रजा मला भरून काढता येते. आजोबा वारल्याची रजा येत नाही, असं नाही. पण एकीचे आजोबा आता वर्षातून एकदाच वारतात.

नाईटचंही थोडं बदललं. सलग सातची पद्धत मी मोडली, तीनच्या वर सहसा लावत नाही. आणि पाळ्या फिरवताना सकाळ, मग दुपार, मग रात्र, या क्रमानंच. आधी मी काहीही कशालाही जोडायचे, रिकामा चौकोन दिसला की अक्षर बसवायचं. दुपारची पाळी करून रात्री नऊला घरी गेलेली मुलगी सकाळी पावणेआठला परत हजर, हे आमच्याकडं सर्रास. मग कळलं की शरीरातलं घड्याळ स्वतःहून चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळं उशिरा झोपणं त्याला जमतं, पण लवकर झोप म्हटलं तर ते ऐकत नाही. म्हणून पाळी पुढं सरकवलेली सोसते, मागं ओढलेली सोसत नाही. पहाटे तीन ते पाचच्या मध्ये तर शरीर सगळ्यात मंद असतं. ओव्हर-बुकातल्या खाडाखोडी बघा, त्याच वेळच्या निघतील. रात्रपाळीला कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, ही माहिती मात्र मी पोरींना अजून सांगितलेली नाही. सांगून त्यांनी करायचं काय?

झोपेवरून डॉक्टर पोरं आठवली. रेसिडेंट म्हणजे आमच्या मुलांच्या वयाची. कॅज्युअल्टीच्या मागच्या खोलीत ट्रॉलीवर, बूट न काढता, स्टेथो गळ्यात तसाच ठेवून झोपलेली मी कितीदा बघितली आहेत. एकाला उठवायला गेले तर झोपेतच म्हणाला, 'बीपी किती?' २०२४ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या एका कृती गटानं शिफारस केली की रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावं, आठवड्याची एक सुट्टी असावी. मी ती बातमी आमच्या एका रेसिडेंट डॉक्टरला दाखवली. त्यानं मनातल्या मनात भागाकार केला आणि विचारलं, 'सिस्टर, म्हणजे मी गुरुवारी दुपारीच सुटणार?'

मृत्यूबद्दल लिहायचं टाळत होते. आमच्याकडं माणूस 'एक्स्पायर होतो', हा शब्द औषधाच्या बाटलीसारखा वाटतो हे मलाही कळतं, पण तोच वापरतो. मागच्या पावसाळ्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आणला, घोणस चावलेली, शिराळ्याच्या वरच्या अंगाहून, यायलाच उशीर झालेला. आमचा एक ब्रदर, नोकरीला लागून वर्ष झालेलं, पस्तीस मिनिटं सीपीआर देत होता. डॉक्टरांनी थांबायला सांगितल्यावरही त्याचे हात दोन-तीनदा चालले. मग आईचा आवाज आला, तो कसा येतो ते लिहीत नाही. आणि त्याच मिनिटाला शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक म्हणाला, 'ओ ब्रदर, सलाईन संपलंय, हवा जाईल की आत.' तो गेला, बाटली बदलली, थेंब मोजले, परत आला, मुलाची ट्यूब काढली.

ओव्हरमध्ये आम्ही सगळं सोपवतो. किती सिलिंडर भरलेले, किती रिकामे, मॉर्फिनच्या ॲम्प्युल किती, कपाटाची किल्ली, कुणाला किती लघवी झाली. त्या संध्याकाळी तो सगळं नीट बोलला, आकडे अचूक. बाकीचं तो तसंच घेऊन खाली पार्किंगकडं निघाला होता. मी त्याला पॅन्ट्रीत बोलावलं. मावशींनी चहा टाकला. मी काही विचारलं नाही, मला तसं बोलता येत नाही. मावशीच म्हणाल्या, 'पोराचे केस लई दाट होते, न्हाई?' आणि तो रडायला लागला. मुलाच्या खाटेजवळची फरशी मघाशी मावशींनीच पुसली होती. रात्रीची सिस्टर येऊन उभी राहिली, बसली, तिनं तिच्या पहिल्या वेळचं सांगितलं. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत वॉर्डात एका पेशंटची गोळी उशिरा गेली, हेही लिहून ठेवते, कारण फुकट काहीच होत नाही.

आता जमेल तेव्हा आम्ही असं बसतो. बाहेरच्या देशांत याची मोठी रीतसर रूपं आहेत म्हणतात. मायकेल बालिंट नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांना गोलात बसवून अवघड पेशंटबद्दल बोलतं करायला सुरुवात केली, आजही त्यांच्या नावानं असे गट चालतात. आमचा गट म्हणजे पॅन्ट्री, सात कप, त्यातले दोन कानतुटके. एक नियम आपोआप पडला आहे: चूक कुणाची, हे तिथं काढायचं नाही. ते काढायला ऑफिस आहे.

मावशींवरून एक सांगायचं राहिलं. 'ताणमुक्त जीवन'ला मावशी आणि मामा लोकांना बोलावलंच नव्हतं. ते ठेकेदाराचे. त्यांची लिस्ट मी करत नाही, कोण करतं तेही मला धड माहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा याच मावशींचं गावभागातलं घर माळ्यापर्यंत बुडालं. त्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात हजर होत्या, अंगावर दुसऱ्या कुणाची साडी. मी म्हटलं, 'अहो, कशाला आलात?' म्हणाल्या, 'खाडा लागतोय न्हवं. आणि घरी बसायला घर कुठाय?' त्या वॉर्डातच राहिल्या आठवडाभर, रात्री लिनन रूममध्ये झोपायच्या. आमच्यापैकी कुणाच्या ताणाची बेरीज करताना मला ती लिनन रूम आठवते आणि आकडा चुकतो.

माझी एक चुलत जाऊ जत तालुक्यात आशा आहे. हजार लोकवस्तीमागं एक आशा, असा नियम. तिला ड्यूटी लिस्टच नाही. रात्री दोनला कुणाला कळा आल्या तरी फोन तिलाच. २०२२ मध्ये भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य संघटनेनं गौरवलं, तेव्हा मी तिला अभिनंदनाचा फोन केला. ती म्हणाली, 'वहिनी, छान झालं बघा. फेब्रुवारीचं मानधन जमा झालं की पेढे वाटते.' फोन मी मे महिन्यात केला होता.

राहता राहिला उपचार. माझ्या वॉर्डातली एक मुलगी चांगली वर्षभर झोपत नव्हती. मी म्हटलं, आपल्याकडंच सायकियाट्रीची ओपीडी आहे, जा की. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझंच हसू आलं. केसपेपर काढणारा क्लार्क तिच्या मिस्टरांचा मित्र. ओपीडीतली सिस्टर तिच्या बॅचची. फार्मसीतला मुलगा तिच्या गल्लीतला. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, पण मिरजेत गोळीची पट्टी हातात पडेपर्यंत चार ओळखीच्यांच्या नजरेखालून जाते. शेवटी ती कोल्हापूरला गेली. आमच्याकडचे लोक मनाच्या डॉक्टरकडं कोल्हापूरला जातात आणि कोल्हापूरचे बहुधा आमच्याकडं येत असावेत. वाटेत हातकणंगल्याला एकमेकांकडं बघून मान वळवत असतील. मग मी १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायच्या सेवेचा नंबर पॅन्ट्रीतल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आतल्या बाजूला एवढ्यासाठी, की कप काढायचं निमित्त करून वाचता यावा. दाराबाहेर लावला तर त्याच्यासमोर उभं कोण राहणार?

कॅज्युअल्टीत मात्र एक पाटी बाहेर लावलेली आहे. डॉक्टर-नर्सवर हल्ला केल्यास २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. वॉटर कूलर नवीन बसवला तेव्हा तो नेमका तिच्यापुढं आला. आता 'तीन वर्षांपर्यंत' एवढंच दिसतं.

तर आज पंचवीस तारीख. गौरीचे तीन दिवस कसेबसे लागले. अनंत चतुर्दशीची नाईट मी स्वतःकडं घेतली, घरी अजून सांगितलेलं नाही. अठरा तारखेचा चौकोन तेवढा अडलाय. तिथं आधी एन होता, मग एम केला, मग आयसीयूवाल्यांचा फोन आला म्हणून परत एन. साडेअकराला मोबाईल वाजला. तोच ब्रदर.

'मॅडम, झोपला नव्हता ना? अठराला ऑफ पाहिजे होता.'

माझ्या तोंडातून सवयीनं 'का रे' निघत होतं, ते गिळलं. पावसाळा आहे, घोणशीला वर्ष झालं असेल का, असं मनात येऊन गेलं, तेही गिळलं.

'बरं,' म्हटलं. खोडरबर फिरवला. त्या जागी कागद इतका झिजलाय की पेन्सिल उठेना, दोनदा गिरवून 'बि' लिहिलं. एन आता कुणाच्या नावापुढं टाकायचा ते बघतेय.